बास्केटबॉलची शिट्टी आणि माझी हिशेबाची वही

न्यू जर्सीत मी बास्केटबॉलची पंच म्हणून काम करते, हे कळले की आपल्या मराठी मंडळींकडून पहिला प्रश्न येतो तो पैशांचा: एनबीएच्या पंचांना पगार तरी किती असतो? उत्तर द्यायला मला संकोच वाटत नाही. एनबीए, म्हणजे अमेरिकेची सर्वोच्च व्यावसायिक बास्केटबॉल लीग, हे आकडे स्वतः जाहीर करत नाही, परंतु अमेरिकी प्रसारमाध्यमांतून गेली अनेक वर्षे सांगितला जाणारा अंदाज असा आहे की पंचाचे वार्षिक वेतन अनुभवाप्रमाणे सुमारे दीड लाख डॉलरांपासून साडेपाच लाख डॉलरांपर्यंत जाते, आणि बाद फेरीच्या सामन्यांसाठी ज्यांची निवड होते त्यांना त्याखेरीज वेगळे मानधन मिळते. एवढे ऐकून विचारणाऱ्याचे समाधान होते. माझे मात्र होत नाही, कारण हा आकडा सुमारे पंचाहत्तर माणसांचा आहे आणि त्या पंचाहत्तरांपर्यंत जाणाऱ्या वाटेवर हजारो माणसे वर्षानुवर्षे कोणत्या मोबदल्यात उभी असतात, हे कोणी विचारत नाही. त्या वाटेवर मी बारा-तेरा वर्षे आहे. व्यवसायाने लेखापाल असल्यामुळे पहिल्या दिवसापासूनचा जमाखर्च मी एका वहीत लिहून ठेवलेला आहे, आणि पुढचे सारे त्या वहीच्या आधाराने लिहीत आहे.

सुरुवात २०१२ च्या शरद ऋतूत झाली. त्या वेळी मी एका करसल्लागार कार्यालयात नोकरी करत होते. भारतात शाळा-कॉलेजच्या संघातून खेळले होते, पण इथे आल्यावर खेळ सुटला होता, आणि जवळच्या व्यायामशाळेच्या फलकावर स्थानिक पंचमंडळाच्या वर्गाची सूचना वाचली तेव्हा मैदानात परत जाण्याचा एक रस्ता म्हणूनच मी नाव नोंदवले. आठ संध्याकाळी वर्ग झाला. नियमपुस्तक, हातांच्या खुणा, मैदानावर उभे कुठे राहायचे याची तंत्रे, शेवटी लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष सामन्यात एक चाचणी, असा तो क्रम होता. नोंदणी, वर्गाचे शुल्क, पट्ट्यांचा शर्ट, काळी पँट, काळे बूट आणि दोन शिट्ट्या मिळून ३४० डॉलर खर्च झाले, आणि वहीच्या पहिल्या पानावर जमेच्या बाजूला काहीही नसताना खर्चाची ही नोंद आहे.

शिट्टीबद्दल थोडे सांगते, कारण पुढे आयुष्यभर ती गळ्यात राहते. जुन्या शिट्टीत एक छोटी गोळी असे, आणि ओलावा किंवा जोराचा दाब यांनी ती अडकली की शिट्टी वाजतच नसे. असा प्रसंग खुद्द आपल्यावर आल्यानंतर कॅनडाचे बास्केटबॉल पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांनी गोळी नसलेली फॉक्स ४० ही शिट्टी तयार करवून घेतली आणि १९८७ मध्ये ती बाजारात आली. माझ्याकडच्या दोन्ही शिट्ट्या त्याच प्रकारच्या. ज्याला ही अडचण रोज सोसावी लागत होती त्यानेच तिच्यावर उपाय शोधला, ही गोष्ट मला आजही समाधान देते.

पहिल्या हंगामात मला शनिवारी सकाळी बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे सामने मिळत, एका सामन्याचे २५ डॉलर, सकाळी चार सामने. तिथे शिकलेली सर्वांत मोठी गोष्ट ही की पंचाने चेंडू पाहायचा नसतो. प्रेक्षक चेंडू पाहतो, खेळाडू असताना मीही चेंडूच पाहिला होता, पण पंचाने पाहायचा तो बचाव करणारा खेळाडू: तो आधी जागेवर आला का, त्याचे पाय कुठे आहेत, तो सरळ वर उडाला की पुढे झेपावला. धक्का लागल्यानंतर कोण पडले यावरून निर्णय देणारा पंच पन्नास टक्के वेळा चुकतो, असे माझ्या मार्गदर्शक बाई सांगत. त्या स्वतः वीस वर्षे महाविद्यालयीन सामने करत होत्या, आणि माझ्या शनिवारच्या सामन्यांना येऊन भिंतीपाशी उभ्या राहत. सामना संपल्यावर त्या एकच प्रश्न विचारत: “त्या क्षणी तुम्ही कोणाकडे पाहत होता?” निर्णय बरोबर की चूक, याची चर्चा त्या त्यानंतरच करत. नजर शिस्तीत यायला मला दोन पूर्ण हंगाम लागले.

त्यानंतर माध्यमिक शाळांचे कनिष्ठ संघ आणि तीन वर्षांनी मुख्य संघ असा टप्पा आला. शाळेच्या सामन्यांत आठ मिनिटांची चार सत्रे असतात आणि व्हिडिओ पाहून निर्णय बदलण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. पालक जवळ बसलेले असतात आणि ते बोलतात. त्यांच्या बोलण्याविषयी मी विस्ताराने लिहीत नाही, परंतु अमेरिकी माध्यमिक शाळांच्या राष्ट्रीय क्रीडा महासंघानेच सांगितले आहे की २०१८-१९ च्या हंगामानंतर सर्व खेळांत मिळून सुमारे ५० हजार पंचांनी काम सोडले. माझ्याबरोबर वर्गात बसलेल्या चौदा जणांपैकी पाचव्या वर्षी आम्ही तिघे उरलो होतो. जे गेले त्यांतील दोघे माझ्यापेक्षा निश्चितच चांगले पंच होते.

आता वहीतले एक पान जसेच्या तसे मांडते, कारण या लेखाचे खरे काम तेच आहे. वर्ष २०१८. तोपर्यंत मला डिव्हिजन ३ च्या, म्हणजे महाविद्यालयीन खेळाच्या तीन पातळ्यांतल्या सर्वांत खालच्या पातळीच्या, महिला संघांचे सामने मिळू लागले होते. त्या वर्षी असे २२ सामने केले, प्रत्येकी १६० डॉलर, म्हणजे ३,५२० डॉलर. शाळांचे व इतर ७२ सामने केले, सरासरी ५५ डॉलर, म्हणजे ३,९६० डॉलर. एकूण जमा ७,४८० डॉलर. आता खर्च पाहा. गाडी ६,२०० मैल चालली. त्या वर्षी आयकर खात्याचा मान्य दर मैलाला साडेचोपन्न सेंट होता, त्यामुळे ती रक्कम ३,३७९ डॉलर होते. उन्हाळ्यात दोन शिबिरे केली, त्यांचे शुल्क ९७५ डॉलर, आणि त्यासाठीचा प्रवास व मुक्काम ६४० डॉलर. सभासद वर्गणी, विमा, बूट आणि कपडे ४१० डॉलर. एकूण खर्च ५,४०४ डॉलर, शिल्लक २,०७६ डॉलर. या शिलकीवर स्वयंरोजगाराचा कर सुमारे २९३ डॉलर बसला, म्हणजे आयकर धरण्याआधी हातात उरले ते सुमारे १,७८० डॉलर. घरातून निघण्यापासून परत येण्यापर्यंत एका सामन्याला सरासरी चार तास धरले, तर ९४ सामन्यांचे ३७६ तास होतात आणि तासाचा मोबदला पाच डॉलरही भरत नाही. नियम वाचण्यात, व्यायामात आणि स्वतःच्या सामन्यांचे चित्रीकरण पाहण्यात गेलेला वेळ मी यात धरलेला नाही.

स्वयंरोजगाराचा कर का, तर अमेरिकेत शाळा आणि महाविद्यालयांचे पंच कोणाचे कर्मचारी मानले जात नाहीत. ते स्वतंत्र कंत्राटदार समजले जातात. याविषयी न्यायालयात वादही झाला आहे. पेनसिल्व्हेनियातील लॅक्रॉस या खेळाच्या पंचांना संघटना करायची होती, पण २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने ते कर्मचारी नाहीत असा निर्णय दिला. कंत्राटदार असल्याचा अर्थ रोजच्या व्यवहारात असा होतो की गुडघा दुखावला तर त्या महिन्याची मिळकत शून्य, आरोग्यविमा स्वतःचा किंवा दुसऱ्या नोकरीचा, आणि नेमणुका देणाऱ्या व्यक्तीने, ज्याला इथे असाइनर म्हणतात, पुढच्या वर्षी फोन केला नाही तर विचारायला जागा नाही. सर्वांत वरच्या डिव्हिजन १ मधील मोठ्या परिषदांमध्ये (एकमेकांत खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या गटाला इथे परिषद म्हणतात) पुरुषांच्या एका सामन्याला तीन हजार डॉलरांपर्यंत आणि त्याहून अधिकही मानधन मिळते, आणि तिथले नामांकित पंच आठवड्यात पाच-सहा शहरांत सामने करतात. पण तेही कंत्राटदारच असतात.

वहीत न मांडता येणारा एक खर्च आहे आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो, आणि करसल्लागाराच्या कामाचा हंगाम जानेवारीपासून १५ एप्रिलपर्यंत. पहिली चार वर्षे मी दिवसा विवरणपत्रे भरून संध्याकाळी मैदानावर जात असे, आणि अनेकदा सामन्यानंतर पुन्हा कार्यालयात परतत असे. २०१६ मध्ये ही ओढाताण अशक्य झाली. कार्यालयाने मला बढती देऊ केली होती आणि तिची एकच अट होती: फेब्रुवारी व मार्चमध्ये संध्याकाळी उपलब्ध राहणे. मी ती बढती नाकारली आणि एका लहान संस्थेत हिशेबनीस म्हणून रुजू झाले, जिथे पगार वर्षाला १८ हजार डॉलरांनी कमी होता, पण दुपारी तीन वाजता निघता येत होते. माझ्या पतींनी त्या रात्री कागदावर आकडेमोड करून पाहिली आणि कागद बाजूला ठेवून म्हणाले, “हे तुला करायचंच आहे ना? मग आकडे पाहून काय उपयोग?” त्यांच्या त्या वाक्याचे मोल मी जाणते. परंतु ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांना मी सांगते की आकडे पाहाच, कारण सामन्यांच्या मानधनापेक्षा सोडून दिलेल्या कामाची किंमत अनेकपटींनी जास्त असते आणि ती कोणत्याही पावतीवर छापलेली नसते.

वर जायचे तर शिबिरे करावी लागतात. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला विचित्र वाटते, कारण शिबिरात पंच पैसे घेत नाही, देतो. एखाद्या परिषदेचे पंचप्रमुख उन्हाळ्यात तीन दिवसांचे शिबिर भरवतात, तिथे खेळायला संघ येतात, आणि शुल्क भरून आलेले पंच त्यांचे सामने करतात. कडेला अनुभवी पंच बसून प्रत्येक शिट्टी टिपून घेतात. शिकायला मिळते हे निर्विवाद, परंतु खरे कारण हे असते की ज्यांच्या हातात पुढच्या हंगामाच्या नेमणुका आहेत त्यांच्या नजरेस पडण्याची तीच जागा असते. मला ही पद्धत न्याय्य वाटत नाही. ज्याच्याकडे उन्हाळ्यात हजार-दीड हजार डॉलर आणि सुट्टी आहे तो दिसतो, आणि ज्याच्याकडे नाही तो शनिवारच्या सामन्यांतच राहतो. तरीही मी सात वर्षांत अकरा शिबिरे केली, आणि त्यांतल्याच एकात २०१९ च्या जूनमध्ये एनबीएसाठी नवे पंच शोधणाऱ्या निरीक्षकाने माझे नाव लिहून घेतले.

इथे एनबीएपर्यंतच्या रचनेविषयी सांगायला हवे. आज एनबीएमध्ये थेट भरती जवळजवळ होत नाही. आधी जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्याच दुय्यम लीगमध्ये, पंच व्हावे लागते. ही लीग २००१ मध्ये सुरू झाली, पुढे डी-लीग म्हणून ओळखली गेली आणि २०१७ पासून तिला सध्याचे नाव आहे. खेळाडूंप्रमाणे पंचही तिथेच तयार होतात, आणि नियमही आधी तिथेच पारखून घेतात. प्रशिक्षकाला निर्णयावर आव्हान देण्याचा जो अधिकार एनबीएने २०१९-२० मध्ये आणला तो आधी जी लीगमध्ये वापरून पाहिला होता. तिथल्या पंचाला सामन्यागणिक मोबदला मिळतो आणि तेवढ्यावर घर चालत नाही, म्हणून अनेक जण जोडीला महाविद्यालयीन सामने किंवा दुसरी नोकरी करतात. जी लीगमध्ये शिरण्यासाठी निरीक्षकांनी निवडलेल्या पंचांच्या टप्प्याटप्प्याने चाचण्या होतात. पहिली तळाच्या पातळीची, मग मधली, मग वरची, आणि वरच्या चाचणीतून काही मोजक्यांना नेमणूक. तिथे काही वर्षे काढल्यावर एनबीएमध्ये जागा निघाली तर बोलावणे येते. जागा किती निघतात याचा हिशेब सोपा आहे. तीस संघ, प्रत्येकी ८२ सामने, म्हणजे नियमित हंगामाचे १,२३० सामने आणि प्रत्येकाला तीन पंच. सुमारे ७५ पंचांमध्ये विभागले तर प्रत्येकी पन्नासच्या आसपास सामने येतात. एवढ्याच लोकांची गरज असते, आणि पंच दीर्घकाळ काम करतात. डिक बाव्हेटा १९७५ ते २०१४ या काळात २,६३५ नियमित सामने करून निवृत्त झाले. त्यामुळे बहुतेक वर्षी नव्या नेमणुका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात.

मी स्त्री असल्याने एक गोष्ट माझ्यासाठी विशेष होती. व्हायलेट पामर आणि डी कँटनर या १९९७ मध्ये एनबीएच्या पहिल्या महिला पंच झाल्या, आणि पामर त्यापूर्वी महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलमध्येच नावारूपाला आल्या होत्या. त्यानंतर लॉरेन होल्टकँप यांची पूर्णवेळ नेमणूक व्हायला २०१४ उजाडले. २०१८ मध्ये अ‍ॅश्ली मोयर-ग्लाइश आणि नॅटली सागो या दोघी एकाच वेळी आल्या. सतरा वर्षांनी एक, आणि मग चार वर्षांनी दोन: दार हळूहळू उघडते आहे हे मला त्या आकड्यांत दिसत होते, आणि त्या शिबिरातून मी घरी आले ते हाच विचार घेऊन.

तळाच्या पातळीच्या चाचणीत मी तीन सामने केले. सामने मोठे नव्हते, पण तयारी मोठी लागली, कारण मला तोवर दोन नियमपुस्तके तोंडपाठ होती आणि आता तिसरे लागणार होते. शाळेच्या नियमांत बास्केटखाली अर्धवर्तुळ नसते. एनबीएच्या नियमांत चार फूट त्रिज्येचे असते, आणि मदतीला आलेला बचावपटू त्या रेषेवर किंवा आत उभा राहून धक्का घेत असेल तर फाऊल त्याचा ठरतो. बचावपटूने बास्केटसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक थांबण्याचा नियमभंग शाळेत नसतो, इथे असतो. खेळाडू पाच नव्हे, सहा फाऊलनंतर बाहेर जातो. चेंडू हातात घेतानाचे पाऊल कसे मोजायचे, इथपासून सारे बदलते, आणि बदलते ते डोक्यात नव्हे तर हाताला आणि ओठांना कळावे लागते, कारण निर्णयाला अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ नसतो.

दुसऱ्या सामन्यात माझ्या हातून एक चूक झाली. मी बेसलाइनवर, म्हणजे बास्केटमागच्या रेषेवर, लीड पंचाच्या जागी होते. उंच मुलगा डावीकडून आत शिरला, दुसऱ्या बाजूने बचावपटू धावून आला, छातीवर धक्का बसला आणि तो मागे कोसळला. मी आक्रमणाचा, म्हणजे चेंडू घेऊन आलेल्या खेळाडूचा, फाऊल दिला. संध्याकाळी वर्गात चित्रफीत थांबवून दाखवली तेव्हा बचावपटूची उजवी टाच अर्धवर्तुळाच्या रेषेवर होती. निर्णय उलटा हवा होता. मला वाटले की इथेच सारे संपले, पण निरीक्षकांनी फीत आणखी चार सेकंद मागे नेली आणि मी उभी होते ती जागा दाखवली. मी चेंडू असलेल्या खेळाडूबरोबर एक पाऊल आत सरकले होते, त्यामुळे मदतीला येणारा बचावपटू माझ्या दृष्टीच्या कोनात उशिरा आला आणि मला त्याची छाती दिसली, पाय दिसले नाहीत. “तुम्ही जे पाहिले त्यावर दिलेला निर्णय बरोबर होता,” ते म्हणाले, “पण जे पाहायचे होते ते दिसेल अशा जागी तुम्ही नव्हता.” माझ्या मार्गदर्शक बाई शनिवारच्या सामन्यांत जो प्रश्न विचारत, तोच इथे सात वर्षांनी परत आला होता.

तिथे कोणत्या गोष्टी पाहतात, हे मला त्या तीन दिवसांत स्पष्ट झाले. नियमांचे ज्ञान गृहीत धरलेले असते. त्यानंतर धावणे कसे आहे, संघ उलट दिशेला पळाला की पंच किती लवकर जागेवर पोहोचतो, किरकोळ स्पर्शाने खेळाडूचा वेग किंवा तोल बिघडला का हे पाहून मगच शिट्टी वाजवण्याचा धीर आहे का, आणि रागावलेल्या प्रशिक्षकाला दोन वाक्यांत उत्तर देऊन परत खेळाकडे वळता येते का, या गोष्टी पाहतात. माझ्या अहवालात संवादाला चांगला शेरा होता, निर्णयांना समाधानकारक, आणि धावण्यापुढे लिहिले होते की वेग वाढवणे आवश्यक. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते.

तरीही मधल्या पातळीच्या चाचणीसाठी माझा विचार होत असल्याचे कळवण्यात आले. मी हिवाळाभर आठवड्यातून पाच दिवस पहाटे धावले. मग ११ मार्च २०२० ला एनबीएने हंगाम स्थगित केला, पाठोपाठ महाविद्यालयीन स्पर्धा रद्द झाल्या, आणि त्या उन्हाळ्यात चाचणीला जाण्याचा प्रश्नच उरला नाही. वहीत मार्च २०२० नंतरची सलग नऊ महिने जमेची बाजू कोरी आहे. जे पंच केवळ सामन्यांवर जगत होते त्यांची त्या वर्षी काय अवस्था झाली, ते मी जवळून पाहिले. माझ्या ओळखीच्या दोघांनी गोदामात रात्रपाळी धरली. माझ्याकडे लहान संस्थेतली ती हिशेबनिसाची नोकरी होती, आणि तिच्यामुळे आमचे घर तरले.

२०२१ च्या उन्हाळ्यात मधल्या पातळीची चाचणी झाली. तिच्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. मी चांगले सामने केले, माझ्या मते २०१९ पेक्षा कितीतरी चांगले, आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या पंचांनी अधिक चांगले केले. सप्टेंबरमध्ये सौजन्यपूर्ण संदेश आला की या वर्षी निवड होऊ शकली नाही. त्यानंतर निमंत्रण आले नाही.

वरच्या जागी पोहोचलेल्यांचे काम सोपे असते, असा समज कोणी करून घेऊ नये. एनबीएचा पंच हंगामात महिन्यातले बरेच दिवस विमानात आणि हॉटेलात काढतो. संघाला निम्मे सामने घरच्या मैदानावर मिळतात, पंचाला घर नसतेच. १ मार्च २०१५ पासून एनबीए अटीतटीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचा अहवाल प्रसिद्ध करते, आणि त्यात वाजलेली शिट्टी बरोबर की चूक एवढेच नव्हे, तर न वाजलेली शिट्टी बरोबर होती की चूक, हेही छापले जाते. आमच्या राज्यातच सिकॉकस येथे २०१४ पासून त्यांचे रिप्ले केंद्र, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याचे केंद्र, आहे. सामन्याला जाताना मी त्या गावावरून अनेकदा गेले आहे. शिवाय २००७ मध्ये टिम डोनगी या पंचाचे सट्टेबाजीचे प्रकरण उघड झाले आणि त्याला तुरुंगवास झाला, तेव्हापासून पंचांच्या आर्थिक व्यवहारांकडे फार बारकाईने पाहिले जाते. लेखापाल म्हणून मला त्याहून जुने एक प्रकरण अधिक बोलके वाटते. नव्वदच्या दशकात एनबीएच्या काही पंचांनी पहिल्या वर्गाच्या विमान तिकिटांऐवजी स्वस्त तिकिटे घेऊन फरकाची रक्कम स्वतःकडे ठेवली, ती उत्पन्नात दाखवली नाही, आणि करचुकवेगिरीसाठी त्यांच्यावर खटले चालले. मैदानावर इंचाइंचाचा न्याय करणाऱ्या माणसांचे काम तिकिटांच्या फरकासाठी गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

सध्या मी लहान परिषदांमध्ये डिव्हिजन १ च्या महिला संघांचे सामने करते. २०२४-२५ च्या हंगामात असे २४ सामने झाले, प्रत्येकी ८०० डॉलर, आणि खालच्या डिव्हिजनचे १४ सामने प्रत्येकी २२० डॉलरांचे. जमा २२,२८० डॉलर, खर्च ९,६४० डॉलर, करांपूर्वी शिल्लक १२,६४० डॉलर. २०१८ च्या पानाशेजारी हे पान ठेवले की प्रगती दिसते, आणि २०१६ मध्ये सोडलेल्या पगारातला फरक अजून भरून निघालेला नाही, हेही दिसते. शाळांचे सामने मी आता घेत नाही, परंतु शनिवारी सकाळी नव्या पंचांच्या सामन्यांना जाऊन भिंतीपाशी उभी राहते आणि मला विचारला गेलेला प्रश्न त्यांना विचारते.

या मे महिन्यात दोन पत्रे एकाच आठवड्यात आली. एक माझ्या संस्थेचे होते: मुख्य हिशेबनिसाची जागा रिकामी होत आहे, पगार चांगला आहे, पण जानेवारी ते मार्च लेखापरीक्षण असल्याने संध्याकाळी थांबावे लागेल. दुसरे परिषदेच्या पंचप्रमुखांचे होते, पुढच्या हंगामाचे करारपत्र, २९ सामने, आणि त्यांतल्या सहा सामन्यांना क्रू चीफ, म्हणजे पंचांच्या चमूची प्रमुख, म्हणून माझे नाव. पहिल्या पत्राच्या उत्तरासाठी मी जूनअखेरपर्यंत मुदत मागितली आहे. दुसऱ्या पत्रावर सही करून ते त्याच दिवशी पाठवले, आणि वहीच्या नव्या पानावर हंगामाची पहिली नोंद केली: बूट, काळे, १३५ डॉलर.